कंबरेपर्यंतचा पुरावा

"चढलो," चष्मेवाला म्हणाला. "पण मान्य नाही."

बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने कप दोन्ही तळव्यांत धरला, कारण बोटांची टोकं सोलून लाल झाली होती. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला सकाळी निघतानाच बांधलेली पट्टी आता मातकट दिसत होती. केसांत खडूची पूड, गुडघा खरचटलेला, आणि चेहरा असा की पंगतीला बसवून कुणी ताटच उचलून नेलं असावं.

"कुणाला मान्य नाही?"

"तुझ्या भावाला."

"मग असेल त्याचं काहीतरी बरोबर," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. चष्मेवाल्याला वाटलं, ज्या घरात माहेरचा माणूस ऐकण्याआधीच बरोबर असतो त्या घरात न्याय मागणं म्हणजे बहिऱ्यापुढे गाणं.

उन्हाळा उंबऱ्यापर्यंत आलेला असतो पण आत शिरलेला नसतो, अशा दिवसांत हे तिघं दर रविवारी गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात दगड चढायला जात. चष्मेवाला, त्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दवाखाना असलेली दातवाली, आणि मेव्हणा. दोर नाही, खिळा नाही. घरापेक्षा थोडे बुटके, हत्ती बसल्यासारखे दगड, आणि खाली पडलं तर झेलायला एक जाड गादी. पहाटे दगड माठासारखा गार असतो तेव्हा बोटं चिकटतात. ऊन चढलं की तोच दगड तव्यासारखा होतो, घाम टिपायला खडूची पूड लावली तरी हात घामेजतात, आणि भलाभला माणूस पिकल्या फळासारखा टपकतो. झाडांना कोवळी पालवी, ओढ्याच्या गोट्यांत टिटव्यांची अंडी, वाऱ्याला मोहोराचा वास. एवढं सगळं फुकट असताना घरी लोळणाऱ्यांची चष्मेवाल्याला कीव येई.

त्यांचा एक रिवाज होता. जो दगड पहिल्यांदा चढेल, त्याने त्या दगडाचं नाव ठेवायचं. दातवालीने एकाचं नाव 'अक्कलदाढ' ठेवलं होतं. मेव्हणा विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचा, त्याने आपल्या दगडाचं नाव 'अटी लागू' ठेवलं. चष्मेवाल्याच्या नावावर अजून एकही दगड नव्हता. ओढ्याच्या वळणावरचा पोट पुढे काढून बसलेला एक मोठा दगड तेवढा बिननावाचा उरला होता, आणि त्याच्यासाठी चष्मेवाल्याने एक नाव मनात जपून ठेवलं होतं. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच.

आणि त्या रविवारी तो खरोखर चढला. पोटावरचा फुगवटा ओलांडला, डावा हात वरच्या काठावर थापला, उजवा थापला, अंग वर ओढलं, आणि माथ्यावर उभा राहून त्याने आभाळाकडे पाहिलं. मागच्या उतरणीने गाणं गुणगुणत खाली आला, तर दातवाली बाटलीतल्या पाण्याने डोळे धूत होती. चढण्याआधी त्याने तळहात जोरात झटकले होते, आणि वाऱ्याने ती सगळी खडूची पूड तिच्या डोळ्यांत नेऊन घातली होती. बाटलीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलने सगळं टिपलं होतं, पण त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट होती : मेव्हण्याची पाठ.

उरला साक्षीला मेव्हणा. तो तर अगदी खाली उभा होता, चष्मेवाल्याला सांभाळायला. टिटवी म्हणे आभाळ कोसळलं तर तोलायला पाय वर करून निजते, तसे हात वर करून.

"दाजी, मी नियमाने वागलो," मेव्हणा म्हणाला होता. "सांभाळणाऱ्याने चढणाऱ्याच्या कंबरेवर नजर ठेवायची. पडताना माणूस कंबरेने पडतो, हे तुम्हीच शिकवलंत. मी कंबर पाहिली. कंबर वर गेली, फुगवट्याआड गेली. मग तुम्ही मागून चालत आलात. मधे काय झालं, मी कसं सांगू?"

"मधे काय होणार? माझे हात काय दुसरीकडे गेले होते?"

"ते हातांना माहीत. दावा फेटाळलेला नाही, दाजी. प्रलंबित आहे."

हा 'प्रलंबित' शब्द चष्मेवाल्याच्या कानात डासासारखा आठवडाभर गुणगुणत राहिला. आयुष्यभर तो लोकांना एकच प्रश्न विचारत आला होता : दिसतंय का, आता नीट दिसतंय का. आणि त्याच्या जन्माचा पराक्रम मात्र कुणालाच दिसला नव्हता.

दुकानात त्याने हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हा त्या धंद्याचा मोठा गुण. शेवटची ओळ वाचून दाखवा, असं म्हणायचा, आणि समोरचा अक्षरं चाचपडत असताना विचारायचा, "बरं मला सांगा, एखाद्याची कंबर वर गेली तर हात खाली राहतील का?" एका आजीबाईंनी राहणार नाहीत असा निर्वाळा दिला, तेव्हा त्याने त्यांच्या चष्म्याची दांडी फुकटात बसवून दिली. पोहायला शिकवणारे एक मास्तर नवा चष्मा न्यायला आले होते. त्यांनी सगळी हकिकत मन लावून ऐकली, दगड नेमका कुठे तेही विचारलं, आणि जाताना हसत म्हणाले, कंबरेची गोष्ट मोठी झकास आहे, आमच्या मंडळींना सांगतो. सांगा, सांगा, जगाला कळू दे, असं चष्मेवाला म्हणाला.

गुरुवारी त्याला युक्ती सुचली. साक्षीदारच आधी तपासून घ्यायचे. दातवालीला त्याने जेवणाच्या सुट्टीत खाली बोलावलं. तिची नजर घारीसारखी निघाली. संध्याकाळी मेव्हणा आला, खुर्चीत बसला, आणि तक्त्यावरच्या वरून तिसऱ्या ओळीशीच अडखळला.

"ही ओळ पुसट छापलीय," मेव्हणा म्हणाला.

"ओळ ठणठणीत आहे. तू आंधळा आहेस."

एवढा आनंद चष्मेवाल्याला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. ज्याला कंबरेपलीकडचं दिसतच नाही त्याने आपल्या हातांवर शंका घ्यावी, याचा त्याला नव्याने संताप आला, पण हा संताप गुळासारखा गोड होता. त्याने स्वतःच्या हाताने काचा घासल्या, चांगल्यातली चौकट काढली, आणि शनिवारी रात्री चष्मा मेव्हण्याच्या घरी नेऊन त्याच्या नाकावर बसवला. आता बघ म्हणावं, डोळे फाडून बघ.

शिवाय तिसरी साक्षीदार म्हणून त्याने बायकोलाही यायला लावलं. इथेच गाडं घसरलं. बायको घराबाहेर पडायची म्हणजे आधी घर आवरायचं. झाडांना पाणी झालं, डबे झाले, छत्री सापडली, मग छत्रीची पिशवी सापडेना. ओढ्यात पोचेपर्यंत ऊन दगडाच्या खांद्यावर येऊन बसलं होतं. चष्मेवाला दात-ओठ खात होता.

"तोंड सैल सोड," दातवाली म्हणाली. "दाढा झिजतात."

मग मेव्हण्याने नवा चष्मा लावून पहिलं पाऊल टाकलं आणि ते हवेतच राहिलं. जमीन फुगलीय असं त्याचं म्हणणं. दुसरं पाऊल त्याने खड्ड्यात टाकावं तसं टाकलं आणि गादीवर आडवा झाला. नव्या नंबराला दोन-चार दिवस लागतात हे चष्मेवाला रोज लोकांना सांगे, फक्त आज विसरला होता.

"हा मला झेलणार?" तो म्हणाला. "ह्यालाच आधी कुणीतरी झेला."

शेवटी मेव्हण्याला लांबच्या झाडाखाली बसवण्यात आलं. तिथे तो पानं बघत बसला. पानाला शिरा असतात, मुंगीला कंबर असते, अशा बातम्या तो तिथून देत होता. दातवालीने मोबाइल हातात धरला. सांभाळायला उरली बायको. चष्मेवाल्याने तिला शिकवलं : हात वर, अंगठे आत, पाय रोवून, आणि नजर कंबरेवर.

"हाताकडे नको बघायला?"

"नको," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला मेव्हण्याची साक्ष आठवली.

त्याने पूड लावली, या खेपेला वारा बघून. सुरुवात झोकात झाली. पण दगड तापला होता. फुगवट्यापाशी बोटं ओलसर झाली, आणि काठ वीतभर वर असताना उजवा हात तुपात घातल्यासारखा निसटला. पुढचं त्याला कळलं ते एवढंच की आपण गादीवर आहोत, आणि पाठीशी दोन घट्ट हात आहेत. बायको त्याला धरून तशीच उभी होती, पदर खोचून, डोळे विस्फारून.

"लागलं का हो?"

"पाहिलंस ना? वीतभर राहिलं होतं."

"मी कंबरच पाहत होते," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत."

दातवालीने तोंड वळवलं, पण तिचे खांदे हलत होते. चष्मेवाला गादीवर बसून राहिला. बरोबर आहे म्हणाला, सगळं बरोबर आहे, मी खोटारडा, दगड खरा. पुढच्या रविवारपासून मीही घरी लोळेन. बायको त्याच्या पाठीवरची माती झटकू लागली.

तेवढ्यात झाडाखालून मेव्हण्याचा आवाज आला. हा त्याचा कचेरीतला आवाज होता.

"दाजी, वरच्या काठावर पांढरं काय आहे?"

मेव्हणा उठला, पुढे आला, पण जमीन फुगायला लागली म्हणून पुन्हा मागे गेला. "हाताचे ठसे आहेत. खडूचे. दोन. इथून दिसतात, खालून फुगवट्यामुळे दिसायचे नाहीत. आज तर तुमचा हात तिथपर्यंत गेलाच नाही." मग तो थांबला, चष्मा नाकावर नीट बसवला. "डाव्या ठशात मधलं बोट नाही. गेल्या रविवारी तुमच्या मधल्या बोटाला पट्टी होती."

दातवाली धावत झाडापाशी गेली, तिनेही पाहिलं. मेव्हणा लटपटत आला, चष्मेवाल्याच्या खांद्यापासून जरा दूर हवेतच हात ठेवला, मग खरा खांदा शोधला आणि म्हणाला, "दावा मंजूर. आठवडाभर तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा. ठेवा नाव."

चष्मेवाला उभा राहिला. राग इतका साचलेला होता की तो एकदम सोडावा कसा हे त्याला कळेना. त्याने घसा खाकरला. आठवडाभर नव्हे, दोन वसंत जपलेलं नाव ओठांवर आलं.

आणि ओढ्याच्या वळणावरून माणसांचा गलका ऐकू आला. पाच-सहा जण होते, पाठीवर गाद्या, कंबरेला खडूच्या पिशव्या. सगळ्यांच्या पुढे पोहायला शिकवणारे मास्तर, नाकावर नवा चष्मा.

"नमस्कार, चष्मेवाले," मास्तर म्हणाले. "सापडला बुवा तुमचा पत्ता. 'कंबर' हीच ना? आमची सगळी मंडळी दोन दिवस 'कंबर' 'कंबर' करताहेत. म्हटलं, ऊन आणखी वाढायच्या आत 'कंबर' चढून येऊ."

चष्मेवाल्याने समजावून पाहिलं की दगडाचं नाव अजून ठरायचंय, ते त्याच्याच हातात आहे. मास्तरांनी मान डोलावली, आणि मागच्याला ओरडून सांगितलं, गादी कंबरेच्या जरा डावीकडे टाक रे. त्यावर दातवाली गोट्यांवर बसली ती पोट धरूनच. बोलता बोलता बारसं झालं होतं, आणि ते ज्याच्या तोंडाने झालं तो तोंड मिटून उभा होता.

परतीच्या वाटेवर मेव्हणा बहिणीचा हात धरून पुढे चालत होता, मग तो दातवालीच्या हवाली झाला आणि बायको मागे राहिली. तिने हळूच विचारलं, काय नाव ठेवणार होतात.

चष्मेवाल्याने पाठीवरची गादी सावरली. "तुझे वडील लहानपणी तुला हाक मारायचे ते."

ती जागच्या जागी थांबली. "टिटवी?"

"हो."

लहानपणी तिच्या किनऱ्या आवाजावरून पडलेलं ते नाव. ते घेतलं म्हणून तिने एकदा सख्ख्या भावाशी महिनाभर अबोला धरला होता. चष्मेवाल्याला वाटलं होतं, आज तरी तिचे डोळे भरून येतील. मघाशी हात वर करून उभी होती, तेव्हा त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

"म्हणजे दर रविवारी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच चढत गेला, "कुठली कुठली माणसं खडूचे हात घेऊन येणार, आणि घरी जाऊन सांगणार, आज टिटवीवर चढलो, आज टिटवीवरून पडलो? आणि हे तुम्ही मला न विचारता ठरवलंत?"

तिने छत्री उघडली, एकटीच्या डोक्यावर धरली, आणि तरातरा पुढे निघून गेली. चष्मेवाला पाठीवर गादी घेऊन उन्हातून तिच्या मागोमाग चालू लागला. नजर, नियमाप्रमाणे, कंबरेवर.