पळी ज्याच्या हातात

आमच्या रहिमतपूरच्या शाळेत बाकीचे मास्तर वर्गात छडी घेऊन जात. जगताप सर आमटीची पळी घेऊन जायचे. चांगली पितळी, लांब दांड्याची. खांद्यावरच्या पिशवीतून तिचं टोक कायम बाहेर डोकावायचं. नवा माणूस हळूच विचारायचा, सर लग्नाच्या स्वयंपाकाची कामं घेतात का.

सर शिकवायचे मराठी, पण ध्यास वेगळाच. पोरांना वाचायला शिकवतो, लिहायला शिकवतो, मग एकमेकांशी बोलायला कोण शिकवणार? म्हणून शनिवारी बाकं भिंतीला सारायची, पोरं गोल बसवायची आणि पळी फिरवायची. ज्याच्या हातात पळी, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पळी पुढच्याकडं गेली की त्यानं आधीच्याचं म्हणणं सांगायचं, ते बरोबर आहे का विचारायचं, आणि मगच स्वतःचं तोंड उघडायचं. "आधी त्याचं सांग, मग तुझं," हे सरांचं पालुपद.

कधी दोन पोरं पाठीला पाठ लावून बसवत. एकानं हातातल्या चित्राचं वर्णन करायचं, दुसऱ्यानं ऐकून, लागेल तिथं विचारून ते काढायचं. एकदा बैलगाडीची शिलाई मशीन झाली. वर्ग हसून लोळला. सर म्हणाले, "सांगणाऱ्याची चूक न्हाई, काढणाऱ्याची बी न्हाई. मधी कुणी कुणाला इचारलंच न्हाई."

कधी चौघांना सख्खे भाऊ करून एका विहिरीचं पाणी वाटून घ्यायला लावत. उसाच्या घरची पोरं ती! नसलेल्या विहिरीवरून त्यांनी खरेखुरे शर्ट फाडले. सरांना मात्र आनंद. म्हणाले, आता हेच भांडण पळी घेऊन करा.

मी तेव्हा नवीकोरी बाई. बी.एड.चा गुलाल अजून अंगावर. आपण बोलतो ते सोनं, अशी माझी पक्की खात्री. सर निवडणुकीच्या कामावर गेले तेव्हा त्यांचा तास मी मोठ्या ऐटीत घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, पळी कुणाकुणाकडं फिरली?"

"माझ्याकडंच होती, सर."

"मंग तुमी आमटी ढवळली. वाढली कुणाला?"

मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. तेवढ्या आठवड्यात म्हणे शिक्षकांची खोली फार सुखात होती.

सरांच्या घरी मी पुष्कळदा जेवले. वहिनी वाढायच्या आणि सर बोलायचे. पोरं कशी खुलली, मुका बसणारा कसा बोलता झाला. वहिनी मध्येच काही सांगू लागल्या की सर त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून पुढं निघत. एकदा वहिनी हातातली पळी उंच धरून मला म्हणाल्या, "बघा वं बाई. पळी जन्मभर माझ्याच हातात हाय, आन् बोलत्यात हेच."

आम्ही सगळे हसलो. सर सगळ्यात जास्त हसले, आणि गोष्ट जिथं तुटली होती तिथून पुढं चालू केली.

मग आम्ही निवृत्त झालो. मी लेकाकडं माधवनगरला आले. इथं नात मला विचारते, आजी, तू श्वास कधी घेतेस? आणि यंदा कळलं, वहिनींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, न येईल. प्रयत्न सोडू नका.

मी भेटायला गेले. स्वयंपाक सरांनीच केलेला. ताटं मांडली, वहिनींना उशीचा टेकू देऊन बसवलं. मग ती पितळी पळी धुऊन त्यांच्या डाव्या हातात दिली आणि सर समोर मांडी घालून गप्प बसले. मला वाटलं, काहीतरी बोलावं, म्हणून मी एसटीच्या गर्दीचं काढलं. सरांनी नुसता हात वर केला. वर्गात करायचे तसाच.

वहिनींचे ओठ हलले. घशातून एक घोगरा आवाज आला.

"मीठ कमी पडलंय म्हनतीस?" सरांनी विचारलं.

वहिनींनी मान हलवली. नाही.

"लेकीला फोन लावू?"

नाही.

"मला कळंना गं. परत सांग."

पुन्हा तोच आवाज. पुन्हा सरांनी विचारलं, पुन्हा नाही. आमटीवर साय धरली. जिला आयुष्यात एक तास गप्प बसता आलं नाही, ती मी पदर तोंडाशी धरून बसले होते.

शेवटी वहिनी थकल्या. डोळे भरून आले आणि त्यांनी पळी सरांपुढं केली. घ्या, तुम्हीच बोला.

सरांनी पळी घेतली नाही. वहिनींची बोटं दांड्याभोवती पुन्हा नीट मिटवली आणि वर आपला हात ठेवला.

"असू दे तुझ्याकडंच," ते म्हणाले. "तुझं झालं न्हाई अजून."