शेजाऱ्याचा रेग्युलेटर

जे यंत्र पाण्याखाली आपल्याला श्वास देते, त्याला वर आल्यावर गोड्या पाण्याची आंघोळ घालावी, याबद्दल सुधारलेल्या जगात दुमत नाही. मेक्सिकोतल्या कोसुमेल बेटाच्या आमच्या धक्क्यावर तर नाहीच. फिदेन्सिओशेटच्या, पर्यटक पाहुण्यांना समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्या दुकानात, जिथे मी गल्ल्यावर बसते, प्रत्येक रेग्युलेटरला ही आंघोळ रोज मिळते.

त्यासाठी एक निळा टब आहे. सकाळी त्यात गोडे पाणी भरतात. पहिल्या बोटीनंतर ते मचूळ होते, दुसरीनंतर खारट, आणि संध्याकाळपर्यंत समुद्रच आमच्याकडे मुक्कामाला आल्यासारखा वाटतो. पाणी बदलण्याचा नियम आहे. (तो टबावरच लावला आहे. त्याच्यावर ओले सूट वाळत असल्यामुळे त्याला ऊन लागत नाही.)

यंत्र टबात घालावे आणि मनातली ‘आवे मारिया’ची प्रार्थना अर्धी होण्याआधी बाहेर काढावे, अशी आमची रीत आहे. हवा जोडलेली नसताना पाण्यात मधले बटण दाबू नये, पाणी आत शिरते, असे छापील सूचना सांगते. म्हणून प्रत्येक जण ते दाबून खात्री करून घेतो. शेवटी यंत्राच्या तोंडावरचे धूळझाकण सिलिंडरच्या हवेने वाळवायचे. तो फुसकारा शेजारच्या दुकानात ऐकू गेला पाहिजे. आमच्याकडे स्वच्छता कानांनी तपासतात. (कधी कधी त्या फवाऱ्याने झाकणावरचे पाणी आतच जाते. पण ते दिसत नाही, आणि आमची माणसे न दिसणाऱ्यावर श्रद्धा ठेवणारी आहेत.)

अशा या शिस्तीत परवा थोडा व्यत्यय आला. शेटची मुलगी येसेनिया पहिल्यांदाच खोल पाण्यात उतरणार होती. शेट सकाळपासून रेग्युलेटर टांगलेल्या खुंट्यांसमोर उभे.

“बाई, यातला चांगला कुठला?”

“सगळेच आपले आहेत, शेट.”

“ते माहीत आहे हो. चांगला कुठला ते विचारतोय.”

एक त्यांनी हुंगला आणि परत टांगला. दुसऱ्यातून श्वास ओढून पाहिला, तर आत गुळण्या केल्यासारखा आवाज आला.

“पप्पा, पाहुण्यांना तर डोळे मिटून देता,” येसेनिया म्हणाली.

“पाहुण्यांची गोष्ट वेगळी. तू माझी पोर आहेस.”

“आणि पाहुणे काय झाडाला लागतात?”

शेट रस्ता ओलांडून शेजारी कासिमिरोच्या, आमच्यासारख्याच दुकानात गेले. यंत्र गुंडाळायला टॉवेल घेऊन मी मागे.

“कासिमिरो, एक रेग्युलेटर दे रे. आमचे सगळे धुवायला टाकलेत.”

“सगळे? एकदम?”

“आम्हाला जरा स्वच्छतेचं वेडच आहे.”

कासिमिरोने खुंटीवरचा पहिला हाताला लागला तो दिला. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, “मीच तुझ्याकडे निघालो होतो. नातू आज उतरतोय. आमचेही धुवायलाच टाकलेत बघ.”

त्यांच्या पाठीमागे दोन्ही दुकानांच्या भरगच्च खुंट्या दिसत होत्या. दोघांनी तिकडे पाहण्याचा अडाणीपणा केला नाही.

दोन्ही मुले पाण्याखाली असेपर्यंत शेट धक्क्याच्या टोकाला उभे होते. लग्नानंतर ते चर्चमध्ये दिसले नव्हते. मी जपमाळ पुढे केली, तर ती त्यांनी उलटी धरली. पण सोडली नाही. बुडबुडे जरा विरळ झाले की त्यांचा स्वतःचा श्वास थांबे. शेवटी दोन्ही पोरे हसत वर आली. येसेनियाने एवढेच सांगितले की कासिमिरोकाकांच्या हवेला कालच्या घेवड्याची चव आहे. शेटनी माळ सुलटी करून मला परत दिली.

यावरून एक शास्त्रीय निष्कर्ष निघतो: रेग्युलेटर सुरक्षित राहायचा असेल, तर तो शेजाऱ्याचा असावा. तेव्हापासून दोन्ही दुकानांनी घरच्या माणसांसाठी अदलाबदल सुरू केली आहे. टबाच्या पाण्याला हात लावायची गरज उरलेली नाही.

आपण बेटावर याल, तेव्हा निःशंक मनाने या. आमच्या खुंटीवरचे सगळे आपल्यासाठीच आहेत. टबात डोकावायचा त्रास आजवर एकाही पाहुण्याने घेतलेला नाही. पाण्याखालचा चष्मा निळ्या रंगात मिळेल का, फोटोत शोभून दिसतो, एवढेच ते विचारतात. आपल्यासाठी मी एक निळा बाजूला काढून ठेवला आहे.