मूळ नमुना

तीन तासांची मीटिंग आटोपून संग्रहपाल संग्रहालयाच्या खनिज विभागात परतले, तेव्हा टेबलावर दगड नव्हता. शेजारच्या घमेल्यात निळंशार पाणी होतं आणि सफाईच्या मावशी हात पुसत उभ्या होत्या.

"मावशी, इथला दगड?"

"पांढरी भुकटी धरली होती साहेब त्याच्यावर. उद्या पाहुण्या येणार म्हणालात, म्हणून कोमट पाण्यात भिजत घातला. पाणी निळं व्हायला लागलं, तर मला वाटलं मळ सुटतोय."

संग्रहपालांनी बाही वर सारून घमेल्यात हात घातला. तळाशी तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. चिमटीत धरेपर्यंत तेही गेलं.

तांब्याच्या एका खनिजाचा तो मूळ नमुना होता. शंभर वर्षांपूर्वी याच दगडावरून त्या खनिजाचं वर्णन लिहिलं गेलं, त्याचं बारसं झालं. पुढे जगात कुठेही तसा खडा सापडला, की तो याच्याशी ताडून बघायचा. उद्या एक तज्ज्ञ बाई खास त्यासाठीच येणार होत्या.

संग्रहपालांनी हे सांगितल्यावर मावशी मटकन खालीच बसल्या. "माझी नोकरी गेली का हो?"

संग्रहपाल त्यांना धीर देणार होते, पण तेही त्यांच्या शेजारीच खाली बसले.

संध्याकाळी त्यांनी आपल्या निवृत्त साहेबांचं घर गाठलं. दगड ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं. सगळं सांगून संग्रहपाल खाली मान घालून बसले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

"तिसऱ्या खणातला? निळा?"

"हो, सर."

"अरे, तो मीच केला होता."

संग्रहपालांनी मान वर केली.

"मूळचा माझ्याच हातून विरघळला. मग बाजारातून मोरचूद आणलं आणि घरच्या पातेल्यात तीन आठवडे खडा वाढवला. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तू त्याच्यावर निबंध लिहिलास. 'इतका निर्दोष स्फटिक निसर्गात क्वचितच आढळतो.'" साहेबांनी चष्मा परत नाकावर चढवला. "फार सुंदर लिहिलं होतंस रे. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

सकाळी दोघांनी मिळून तज्ज्ञ बाईंना खरं ते सांगितलं. साहेब शेवटपर्यंत उभेच होते. बाईंनी नमुना नष्ट झाल्याची नोंद केली आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. निबंधाचा विषय त्यांनी काढला नाही. संग्रहपालच हळूच म्हणाले, "तो मागे घेतो."

मग ते मावशींकडे गेले. रडून रडून मावशींचे डोळे सुजले होते.

"मावशी, तुमची काही चूक नाही. तो दगड खरा नव्हताच."

मावशींनी नाक पुसलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"खरा नव्हता? मग इतकी वर्षं कुलपात कशाला ठेवला होतात?"