वधू सकाळी, वर दुपारी

विवाह नोंदणी कार्यालयातला संगणक हँग होतो, ही बाब कार्यालयाने कधीच नाकारली नव्हती. कार्यालयाचे म्हणणे एवढेच, की तो नेहमी हँग होत नाही. आणि जे नेहमी होत नाही त्याला दोष म्हणत नाहीत, स्वभाव म्हणतात.

हा स्वभाव वहिनींच्या वाट्याला आला होता. वहिनी तिथल्या नोंदणी कारकून. त्यांचा धाकटा दीर पूर्वी याच कार्यालयात होता. तो बदली होऊन गेला, पण त्याच्या तोंडचे ‘वहिनी’ मागे राहिले आणि शिपायापासून निबंधकसाहेबांपर्यंत सगळ्यांनी ते उचलले. संगणक वहिनींच्याही आधीपासून त्या टेबलावर होता. एकेकाळी पांढरा असलेला त्याचा डबा आता पिवळा पडला होता, आतला पंखा दम लागल्यासारखा घरघरत असे आणि कळफलकावरची अक्षरे पुसून गेल्यामुळे वहिनी आठवणीने टंकन करीत. मध्येच केव्हातरी पडद्यावरचा बाण जागच्या जागी खिळे. कोपऱ्यातले घड्याळ थांबे. मग वहिनी बटण दाबून धरीत आणि समोरच्या जोडप्याला सांगत, “बसा, येईलच इतक्यात,” जणू कोणी आंघोळीला गेले आहे.

रीतसर तक्रार गेली. कंत्राटी तंत्रज्ञ आला. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर आधीच्या ठिकाणचा वैताग. त्याला पाहताच संगणक असा सुरळीत चालू लागला, की पाहुण्यांसमोर शहाणे होणारे कार्टे आठवावे. तंत्रज्ञाने डबा उघडला, आतली धूळ वहिनींच्याच टेबलावर फुंकली, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली आणि अहवाल दिला: ‘दोष आढळला नाही.’ तो जिना उतरला आणि संगणक हँग झाला. पुढच्या खेपेला त्याने वायर बदलली. त्यापुढच्या खेपेला व्हायरस शोधला. दर वेळी दोष आढळला नाही, आणि दर वेळी त्याचे पाऊल शेवटच्या पायरीवर पडते न पडते तोच वहिनींचा बाण खिळला.

शेवटी कंटाळून तो म्हणाला, “मशीन म्हातारं झालंय, वहिनी. गरम होतं.”

“मग नवीन द्या.”

“ते आमच्या कक्षेत येत नाही. आमच्या कक्षेत फक्त येऊन बघणं येतं.”

वहिनी निबंधकसाहेबांकडे गेल्या. साहेब थंड डोक्याचे गृहस्थ होते. त्यांच्या दालनात दोन एसी होते.

“नवीन मिळतो की,” साहेब म्हणाले. “नियम अगदी स्पष्ट आहे. जुना बंद पडला, की नवीन. तुमचा बंद पडलाय का?”

“अधूनमधून पडतो.”

“पुन्हा सुरू होतो?”

“होतो.”

“मग तो बंद पडत नाही, वहिनी. तो थांबतो. थांबणाऱ्यांना बदलायचं म्हटलं, तर या इमारतीत उरेल कोण?”

त्या दुपारी चहाचा कप डब्याच्या जाळीवर धरून वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. जरासा कलंडला असता तर प्रश्न मिटला असता. पण मग चौकशी लागणार आणि चौकशीत ‘कप कोणाचा’ हा पहिला प्रश्न असणार, हे नोकरीने त्यांना शिकवले होते. त्यांनी चहा पिऊन टाकला.

साहेबांनी मात्र तंत्रज्ञाचे मत गांभीर्याने घेतले होते. संगणक तापतो, म्हणजे खोलीत उष्णता आहे. उष्णता कशाची? तर माणसांची. एकेका नोंदणीला वधू, वर, साक्षीदार, मावश्या, आत्या, काका असा जथाच आत शिरतो, आणि लग्नाला आलेला माणूस इतरांपेक्षा अंमळ जास्तच तापलेला असतो. तेव्हा परिपत्रक निघाले: यापुढे कक्षात एका वेळी एकच पक्ष. वधूची नोंद सकाळी, वराची दुपारी. मधल्या वेळात संगणक निवेल. नातेवाइकांनी आपला आनंद खिडकीबाहेरून व्यक्त करावा.

“साहेब, लग्न दोघांचं मिळून असतं,” वहिनी म्हणाल्या.

“असतं ना. पण ते दोघांनी एकाच वेळी करावं, असं कायद्यात कुठे आहे?”

वहिनींनी कायदा उघडून पाहिला. खरेच नव्हते. कायदा करणाऱ्यांना ते लिहायची गरज वाटली नसावी.

परिपत्रक लागू झाल्यावर थोड्याच दिवसांत दाताच्या दवाखान्यातली एक परिचारिका आणि खिडक्यांना काचा बसवणारा एक कारागीर लग्न करायला आले. परिचारिकेला दिवस गेले होते आणि ते आता सैल कपड्यांतही लपत नव्हते. सकाळी तिची नोंद झाली. काचवाला धुतलेला शर्ट घालून बाहेरच्या बाकावर बसून राहिला. नखांतले लांबी-पुट्टीचे पांढरे काही केल्या निघाले नव्हते, म्हणून त्याने मुठी मिटून घेतल्या होत्या. दुपारी त्याला आत बोलावले. त्याचे नाव टंकून होते न होते तोच बाण खिळला. वहिनींनी बटण दाबून धरले. संगणक परत आला, पण काचवाल्याला सोडून आला.

“तुम्ही उद्या या,” वहिनी म्हणाल्या. “आल्या आल्या तुमचीच नोंद घेते.”

त्याच्या मागे वजनमापे खात्यातले एक निवृत्त निरीक्षक होते. विधुर. शेजारच्या संगीतशिक्षिकेशी त्यांचे जमले होते आणि तिची नोंद सकाळी परिचारिकेच्या पाठोपाठ झाली होती. वहिनींनी निरीक्षकांचे नाव घातले. संगणकाने आपल्या पोटात वराची वाट पाहत बसलेली पहिली वधू शोधली आणि त्यांना तिच्याशी जोडून दिले. दुसऱ्या दिवशी काचवाला आला, त्याला उरलेली वधू मिळाली. दोन्ही वेळा पडद्यावर फक्त ‘विवाह संपन्न’ एवढेच उमटले. नावे दिसत ती थेट प्रमाणपत्रावर, आणि प्रमाणपत्रे छापून येत वरच्या कार्यालयातून, सहीशिक्क्यासकट.

प्रमाणपत्रे आली तेव्हा परिचारिका खिडकीशी उभी राहून शांतपणे म्हणाली, “वहिनी, हे कोण?”

वहिनींनी वाचले. मग पुन्हा वाचले. “हे,” त्या म्हणाल्या, “ते तिकडे उभे आहेत ते.”

निरीक्षक पलीकडे आपले प्रमाणपत्र उजेडात धरून शिक्का तपासत होते.

साहेबांनी चौघांनाही दालनात बसवले. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या. गारव्याने सगळे जरा निवल्यावर साहेब बोलू लागले.

“हे पाहा, नोंद झालेली आहे. झालेली नोंद चुकीची असू शकत नाही. फार तर ती तुम्हाला नको असेल. त्यासाठी घटस्फोटाची सोय आहे.”

“अहो, यांना मी आज पहिल्यांदा बघतेय,” परिचारिका म्हणाली.

“घटस्फोटाला याहून सबळ कारण मी तरी ऐकलेलं नाही. न्यायालय लगेच मोकळं करील. वर्षा-दोन वर्षांत.”

“बाळ तेवढं थांबणार नाही, साहेब,” काचवाला म्हणाला.

“तो प्रसूती विभागाचा विषय झाला.”

सगळे निरीक्षकांकडे पाहू लागले. या माणसाचे आयुष्य तराजूंवर शिक्के मारण्यात गेले होते. “शिक्का खरा आहे,” ते खेदाने म्हणाले.

“म्हणजे?” संगीतशिक्षिकेने विचारले.

“म्हणजे तुमच्याविषयी माझ्या मनात काहीही बदललेलं नाही. फक्त कायदेशीर परिस्थिती बदलली आहे.”

“रोज संध्याकाळी माझ्या घरी येऊन चहा कोण पीत होतं? शिक्का?”

निरीक्षकांनी प्रमाणपत्राची नीट घडी घातली. संगीतशिक्षिका उठली आणि तिने आपली खुर्ची काचवाल्याच्या शेजारी नेऊन ठेवली. “त्यापेक्षा हा बरा,” ती म्हणाली. “वयाने माझ्या भाच्याएवढा आहे, पण माझ्या खिडक्या तरी दुरुस्त करील.”

तिचा आवाज कापत होता, हे दाराशी उभ्या असलेल्या वहिनींच्या तेवढे लक्षात आले.

पुढच्याच आठवड्यात निरीक्षकांची दाढ दुखू लागली. ते दाताच्या दवाखान्यात गेले आणि बसलेल्या रोग्यांना ओलांडून थेट आत शिरले. कोणी हटकले तेव्हा त्यांनी घडी घातलेले प्रमाणपत्र दाखवले आणि सांगितले, “मंडळी इथे कामाला आहेत.” रोग्यांनी प्रमाणपत्र पाहिले आणि वाट दिली. परिचारिकेने त्यांच्या तोंडात कापूस कोंबला, तो जरुरीपेक्षा थोडा जास्तच.

वहिनींची मात्र झोप उडाली. त्यांनी आजवर शेकडो संसार टंकले होते आणि एकाही जोडप्याचे पुढे काय झाले याची त्यांना कधी काळजी वाटली नव्हती. आता जेवताना त्यांना मिटलेल्या मुठी आठवत. दुरुस्तीची सोय संगणकात होती. नोंदी सोडवून पुन्हा जुळवता येत; फक्त ते काम अर्ध्यात थांबून चालत नसे, नाहीतर चौघेही कोणाचेच उरले नसते. वहिनींनी मनाशी योजना केली. डब्याचे झाकण काढायचे, टेबलफॅन आत रोखायचा, दुसरे कुठलेही काम त्याला द्यायचे नाही आणि दिवसभर सावकाश एकेक नोंद उलगडायची. त्यासाठी खिडकी एक दिवस बंद ठेवावी लागणार होती.

साहेबांनी ऐकून घेतले. “माझी काहीच हरकत नाही,” ते म्हणाले. “पण कार्यालय जनतेचं आहे. जनता हो म्हणत असेल, तर खुशाल ठेवा बंद.”

साहेबांच्या मते हा नकार होता. वहिनींनी ती परवानगी समजली. साहेबांचा जनतेशी संबंध जुना होता.

सकाळी वहिनी खिडकीबाहेर येऊन रांगेसमोर उभ्या राहिल्या. शेजारी परिचारिका होती, एक हात पाठीवर टेकवून. काचवाला तिची पिशवी धरून. वहिनींनी झाले ते सगळे सांगितले, अगदी साध्या शब्दांत, स्वतःची बाजू न सावरता. “आजचा एक दिवस तुम्ही सगळे थांबलात, तर या चौघांचं नीट होईल,” त्या म्हणाल्या. “कोणाची हरकत आहे का?”

एका गृहस्थांनी घसा खाकरला. “वाईट झालं हे खरंच. पण आम्ही रजा टाकून आलोय.”

“त्यांनी आधीच नीट बघून घ्यायला नको होतं का?” एक बाई म्हणाली.

“आणि ते निरीक्षक काय वाईट आहेत? पेन्शन आहे त्यांना.”

“यंत्रणेवर टीका झालीच पाहिजे,” मागून एक तरुण म्हणाला. तो हातातल्या फोनवर या घटनेचा निषेध लिहीत होता. “पण आपलं काम झाल्यावर. आत्ता नंबर चालू ठेवा.”

रांगेत माना डोलल्या. परिचारिका भिंतीच्या कडेला सरकली. वहिनी आत गेल्या, खुर्चीत बसल्या, आणि मान वर न करता त्यांनी पुढच्या वधूचे नाव विचारले.

बाळ झाले. मुलगी. इस्पितळाने वडिलांच्या रकान्यात निरीक्षकांचे नाव घातले, कारण त्यांच्याही संगणकात तेच होते. काचवाल्याला भेटीच्या वेळेत, पाहुणा म्हणून, काचेच्या या बाजूने मुलगी दाखवण्यात आली.

हे वाचताना तुम्हाला साहेबांचा राग आला असेल, तंत्रज्ञाची कीव आली असेल, निरीक्षकांचे हसू आले असेल. साहजिक आहे. पण त्या सकाळी तुम्हीही रांगेत होतात. खांबाशी, तुमचे कागद छातीशी धरून. तुम्ही काहीच बोलला नाहीत, हे मान्य आहे. वहिनींनी हरकत विचारली तेव्हा तुम्ही खाली पाहत होतात. आणि परिचारिका भिंतीकडे सरकली, तशी पुढे जी जागा झाली, ती तुम्ही एक पाऊल टाकून भरून काढलीत.