घोरपडीची दहा पावलं

एका जंगलात, बाळांनो, फार थंडी पडायची. नकाशात शोधू नका, मिळायचं नाही. त्या जंगलात सगुणा नावाची घोरपड राहायची.

घोरपडीचं रक्त थंड असतं. सकाळी उठून, दात घासून तिला शाळेत जाता येत नाही. तुम्हीही कुरकुर करतच जाता, पण ते असो. हिवाळ्यात ऊन अंगावर येईपर्यंत सगुणा लाकडासारखी दगडावर पडून असायची. डोळे तेवढे हलायचे. तिच्या डोळ्यांदेखत मुंगूस तिच्या वाट्याची अंडी पळवायचा आणि वर 'शुभ सकाळ' म्हणायचा. गेल्या हिवाळ्यात ती इतकी रोडावली, की यंदाचा निघेल की नाही याची तिला खरोखरच भीती वाटत होती.

तिला एक घोंगडी हवी होती. दुसरं काही नको.

घोंगडी मिळायची नगरीच्या बाजारात. आणि नगरीला जायचं तर आधी टिटवीताईंचा सल्ला घ्यायचा, अशी जंगलाची रीत होती. टिटवीताईंनी 'कवडीत नगरी' नावाची पुस्तिका लिहिली होती. त्या स्वतः नगरीला कधी गेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांची मतं अगदी ठाम होती.

"हे बघ सगुणा," टिटवीताई म्हणाल्या, "पाणी पाणपोईवर प्यायचं. पाठ टेकायला देवळाची ओवरी. जेवण चव बघण्यावर भागवायचं. आणि भाव करताना निम्म्याला मागायचं, नाक मुरडायचं आणि सरळ चालू लागायचं. दहा पावलांच्या आत मागून हाक येते. पण वळून पाहिलंस, की हरलीस!"

"आणि हाक नाहीच आली तर?"

"येते. पुस्तिकेत लिहिलंय."

ऊन अंगावर येताच सगुणाने पाठीवर सॅक बांधली आणि ती निघाली.

नगरीत तिने सगळं पुस्तिकेबरहुकूम केलं. पाणपोईवर पोटभर पाणी प्यायली. बाजारात एका गाडीवर द्राक्ष चाखलं आणि "आंबट आहे" म्हणाली. दुसऱ्या गाडीवर चिमूटभर चिवडा, तिसरीकडे गुळाचा खडा. "विचार करून येते हं," असं प्रत्येकाला सांगत तिचं जेवण झालंसुद्धा. ओवरीत घटकाभर पडली. एक कवडी खर्च झाली नाही. तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग ती बिरू मेंढ्याच्या दुकानापाशी आली. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं आणि त्यावर एकच काळी घोंगडी. बिरू अंग आखडून बसला होता. त्याच्या अंगावर लोकरीचा धागा उरला नव्हता.

"माझ्याच अंगावरली लोकर हाय बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कातरल्यापासनं पडसं झालंय बघा, घसा पार बसलाय. अंगावर घेऊन तर बघा."

सगुणाने घोंगडी पांघरली. बाळांनो, काय सांगू! तिची शेपटी जन्मात पहिल्यांदा टोकापर्यंत उबदार झाली. तिला रडूच आलं. पण गिऱ्हाइकाने रडायचं नसतं. तिने नाक मुरडलं.

"टोचते. रंगही जाईल. केवढ्याला?"

"चाळीस कवड्या."

"वीस."

"बाई, पडसंसुद्धा विसाला पडत न्हाई."

सगुणाने घोंगडी पोत्यावर टाकली आणि पाठ फिरवली.

बघते तर बाजारातले निम्मे लोक असेच पाठमोरे चालले होते. अस्वल, सांबर, दोन ससे. सगळे अगदी हळूहळू, कान मागे लावून. कुणाला हाक यायची, मग तो आढेवेढे घेत परतायचा.

आठ पावलं झाली. नऊ. दहावं पाऊल सगुणाने टाकता टाकता जरा लांबवलं.

हाक आली नाही.

ती चालत राहिली. वीस झाली, पन्नास झाली. वेशीपाशी मागून एक गाढव धावत आलं.

"अहो घोरपडबाई, थांबा की! तो मेंढा घोंगडी हातात धरून उभा आहे तिकडे. वीस तर वीस, घेऊन जा म्हणतोय. किती हातवारे केले त्याने तुम्हाला!"

सगुणा थांबली, पण वळली नाही.

"हाक मारली का त्याने?"

"कशी मारणार? घसा बसलाय ना बिचाऱ्याचा!"

"म्हणजे हाक आलेली नाही."

"अहो, पण नुसतं मागे वळून बघा, दिसेल तुम्हाला!"

सगुणाच्या मनात आलं, वळावं. घोंगडी घ्यावी, त्या उघड्या मेंढ्याला चाळीसच द्याव्यात आणि आनंदाने घरी जावं. तिला ते अगदी मनापासून वाटलं. पण मग जंगलात काय सांगणार? हाक न येताच वळले?

"सांगा त्यांना, मला गरज नाही," ती म्हणाली आणि जंगलाची वाट चालू लागली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिचा जाहीर सत्कार झाला. 'नगरीपुढे न झुकलेली घोरपड' असा फलक लागला. टिटवीताई अर्धा तास बोलल्या. मग सगुणाच्या खांद्यावर शाल घालण्यात आली. मऊ, जाड, लोकरीची. जंगलात शाल ती एकच होती. सगळ्यांच्या सत्काराला तीच. टाळ्या थांबल्या की घडी घालून परत द्यायची.

टाळ्या थांबल्या. सगुणा शालीचं टोक सोडेना. घोरपडीची पकड ती! शेवटी कार्यकारिणीच्या तिघांनी मिळून सोडवली.

"भावना समजू शकतो," अध्यक्ष म्हणाले, "पण उद्या रानडुकराचा सत्कार आहे."

थंडीचा दीड महिना अजून बाकी होता.

तात्पर्य : बाजारात मागे वळून पाहू नये. घोंगडी काय, कुणालाही मिळते. सत्कारासाठी मात्र कुडकुडावं लागतं. टिटवीताईंच्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती आली असून तीत दहाची वीस पावलं केली आहेत. ती छापील किमतीलाच मिळेल. कृपया घासाघीस करू नये.