मिरचीनंतरचं दळण

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं, पण पिठाची गिरणी एकच होती. साळिंदरदादाची.

त्याच जंगलात एक सशीण राहायची. तिच्या पोराचा ताप उतरला होता, पण पोर काही उठून बसत नव्हतं. कान पाडून दिवसभर पडून असायचं. बगळे वैद्य म्हणाले, "सातूचं पीठ द्या. त्यानंही ताकद आली नाही, तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

सशीण घाबरली. तिनं गहू ओलवून कांडले, वाळवले, खमंग भाजले. डाळ वेगळी भाजली, कारण एकत्र भाजलं तर एक कच्चं राहतं आणि दुसरं करपतं. वर चार वेलदोडे घातले आणि डबा घेऊन ती गिरणीत आली.

गिरणीत सगळे शिंकत होते. अस्वल नुकतंच वर्षाची मिरची दळून गेलं होतं.

आता मिरचीनंतर पहिलं दळण ज्याचं, त्याच्या पिठात तिखट. हे शेंबड्या पिल्लालाही ठाऊक होतं.

"सशीणबाई, तुम्ही आधी," कोल्होबा म्हणाले. त्यांच्या मांडीवर बेसनाच्या डाळीचा डबा होता. "घरात आजारी पोर आहे. आम्हाला कसली घाई?"

"नाही हो, नंबर तुमचा."

"नंबराचं काय घेऊन बसलात! बरं, डुकरीणकाकू, तुमची ज्वारी?"

"मला आज उपास आहे," डुकरीणकाकू म्हणाल्या.

सशीण साळिंदराला म्हणाली, "दादा, मूठभर दाणे टाकून आधी चक्की साफ करून घ्या की."

"घेतो. कुणाचे टाकू?"

सगळ्यांनी आपापल्या डब्यांची झाकणं घट्ट लावली. खरं सांगायचं तर सशिणीनंही लावलं.

ऊन कललं. आभाळ भरून आलं. भाजलेले दाणे सादळले असते, तर सगळे कष्ट वाया. शेवटी सशीणच उठली आणि तिनं डबा चक्कीत ओतला. पीठ गुलाबी पडलं.

"वा, काय रंग आलाय!" म्हणत कोल्होबा पटकन तिच्यामागे उभे राहिले.

घरी सशिणीनं गूळ जरा जास्तच घालून पीठ कालवलं आणि भीत भीत एक घास पोराला भरवला. मग त्याचे कान ताठ झाले. मग ते उठलं आणि "आईऽऽ, पाणी!" करत थेट नदीपर्यंत पळालं. अख्ख्या जंगलानं पाहिलं. संध्याकाळी त्यानं आपणहून गाजर मागितलं, तेव्हा सशिणीला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती घरी राहिलेले भाजके दाणे घेऊन गिरणीत गेली, तर तिथे हा गलका.

"हिला सगळं माहीत होतं!" डुकरीणकाकू ओरडत होत्या. "म्हणूनच काल पुढे घुसली!"

"नंबर माझा होता," कोल्होबा म्हणाले. "मी चांगुलपणानं गप्प बसलो. साळिंदरा, आधी मिरची टाक, आणि लगेच माझं दळ!"

"आणि तुम्ही मागे व्हा हो," काकूंनी सशिणीला सुनावलं. "तुमचं काल झालंय."

सशीण मागे झाली. तिचं दळण सगळ्यात शेवटी झालं. पिठाला नुसता वेलदोड्याचा वास. बाहेर बाकीचे लाल डोळ्यांनी नाकं पुसत होते आणि आत्ताच किती हुशारी वाटतेय, ते एकमेकांना सांगत होते.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी दुसऱ्याला आधी जाऊ द्यावं. त्याचं वाईट झालं तर आपण वाचतो. आणि भलं झालं तर आपल्यावर अन्याय झाला म्हणून ओरडता येतं.