सासरचं नाव

लग्नाच्या नवऱ्या सासूची धास्ती घेतात. नकुसा मात्र आपल्याच तंद्रीत होती. मेढ्याकडच्या घरात पाचवी मुलगी जन्मली, तेव्हा देवाला 'आता पुरे' असं कळावं म्हणून तिचं नाव नकुसा ठेवलं. देवाला कळलं की नाही कोण जाणे, गावाला मात्र पक्कं कळलं. पण सासरी गेल्यावर नाव बदलतात! सोयरीक जुळल्यापासून ती गोवऱ्या थापता थापता हेच मनात घोळवत होती. नवं नाव काय असेल ते ठाऊक नव्हतं. पण लांबून कुणी गोड हाक मारतंय आणि ती आपल्यालाच आहे, असं तिला स्वप्नात ऐकू यायचं.

लग्नानंतर सांगलीकडच्या सासरी नवरा-नवरी लक्ष्मीपूजनाला बसले. तांदळाचं ताट पुढे आलं. पलटणीतून रजेवर आलेल्या नवऱ्यानं, कृष्णातनं, त्यात नाव लिहायला बोटातली अंगठी काढली.

"विनोदिनी," तो ऐटीत म्हणाला. पलटणीतल्या एका साहेबाच्या बायकोचं ते नाव त्याच्या मनात भरलं होतं.

"माज्या तोंडात मावायचं न्हाई रं ते," त्याची आत्या हरणाबाई म्हणाली. तिचे पुढचे दात कधीच गेले होते.

"मग उमा."

"ते तुज्या थोरल्या चुलतीचं. सुनंवर वराडलं तर ती अंगावर घेईल!"

"बरं, अंजना. मारुतीची आई. लय चांगलं नाव हाय."

नकुसाच्या अंगावर काटा आला. हीच ती हाक!

"आन् माज्या म्हशीचं काय?" सासूबाई रंगूबाई कडाडल्या. म्हैस शनिवारी, मारुतीच्या वारी दावणीला आली, म्हणून त्यांनी तिचं नाव अंजना ठेवलं होतं.

कृष्णातचा हात ताटावर अवघडला. भटजी जांभया देऊ लागले. शेवटी रंगूबाईंनीच निकाल दिला, "ऱ्हाऊ द्या जुनंच. आईबापानं ठेवल्यालं हाय."

नव्या नवरीनं मान वर करायची नसते, हेही नकुसा विसरली.

"म्हशीचं बदला की, सासूबाई."

रंगूबाई तिच्याकडे वळल्या.

"आन् म्हशीला काय म्हणू?"

"माजं हाय की. रिकामंच पडंल आता."

"अगं बया! दुभत्या जनावराला असलं अवदसा नाव? दूध आटंल तिचं!"

सासरे नाथाजी हळूच म्हणाले, "म्हशीला सोसंना, ते सुनंला कसं सोसंल गं?"

रंगूबाईंनी तांदळाचं ताट लेकाकडे सरकवलं. कुणाला आणखी एखादी चुलती आठवायच्या आत कृष्णातनं घाईघाईनं 'अंजना' लिहून टाकलं. म्हशीची चंद्री झाली.

पुढे बरेच दिवस घरात "अंजना!" अशी हाक आली की गोठ्यातून म्हैस रेकायची. सून मात्र चुलीपुढे डोळे मिटून तशीच बसून राहायची. हाक पुन्हा यायची. मग आणखी एकदा. एवढं सुख तिला आजवर कशातच मिळालं नव्हतं.

"पोरगी गुणाची हाय," रंगूबाई शेजारणीला दबक्या आवाजात सांगू लागल्या, "पर कानानं जरा कमीच हाय बगा."